कोविड बरा झाला, मग अंग अजून का दुखतंय?

हेडफोन लावलेत? आज जरा निवांत ऐका, आणि शक्यतो पळता पळता ऐकू नका. का ते पुढे कळेलच.

आजच्या भागाची सुरुवात एका व्हॉइस मेसेजनं झाली. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, चार महिन्यांपूर्वी कोविड झाला. ताप तीन दिवसांत उतरला, ॲडमिट वगैरे काही नाही. पण आता सोळाशे मीटरला निघालो की तिसऱ्या राउंडलाच पोटऱ्या दगड होतात. गुडघेपण दुखतात. सगळे म्हणतात, पळत राहा, आपोआप सुटेल. पळत राहू का?"

हा मेसेज मी तीन-चारदा ऐकला. कारण २०२१ मध्ये हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर मी स्वतःला चुकीचं दिलं होतं. आमच्या घरात तर दुसऱ्या एका माणसानं त्याहून चुकीचं उत्तर दिलं आणि त्याची किंमत मोठी मोजली. म्हणून आजचा भाग याच्यावरच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मी डॉक्टर नाही. जे वाचलं, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडून समजून घेतलं आणि अनुभवलं, ते सांगतेय. निदान डॉक्टरच करणार. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय सांगायचं, हे या भागानंतर तुम्हाला नक्की कळेल.

"आता कुठे राहिलाय कोविड?"

हे वाक्य मी रोज ऐकते. बरं, मास्क गेले, रिंगटोनवरचा खोकलाही गेला. पण आजारानंतर मागे राहणारा त्रास काही सरकारी आदेशानं संपत नाही.

"लाँग कोविड" हा शब्द कोणी काढला, माहितीये? कुठल्या डॉक्टरनं नाही. इटलीतल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी मे २०२० मध्ये ट्विटरवर तो हॅशटॅग म्हणून वापरला. त्या स्वतः आजारी होत्या. म्हणजे या आजाराला नाव रुग्णांनीच दिलं, आणि तेसुद्धा मोबाईलवरून.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या केली. सोप्या भाषेत ती अशी: कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी त्रास दिसतोय, किमान दोन महिने टिकलाय, आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं त्याचं कारण सांगता येत नाही. यातलं शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. "दुसरं कारण सांगता येत नाही" म्हणजे आधी दुसरं कारण शोधलं पाहिजे. सगळं कोविडच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही.

थकवा, दम लागणं आणि डोकं जड होऊन काही न सुचणं ही त्याची मुख्य लक्षणं. पण स्नायू दुखणं आणि सांधे दुखणं हेही यादीत आहे. आणि खरी गोम अशी की बाहेरून एकसारख्याच दिसणाऱ्या या दुखण्याची कारणं वेगवेगळी असतात. एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात चक्क नुकसान करतो. आज आपण अशी चार कारणं बघू.

कारण पहिलं: झोपून राहिल्यानं गेलेला स्नायू

हे सगळ्यात साधं. स्नायू हा फार हिशेबी असतो. वापर नाही म्हटलं की शरीर त्याच्यावरचा खर्च लगेच कमी करतं.

किती लगेच? २०१३ मध्ये, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी, लंडनमध्ये आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू मोजला होता. दहा दिवसांत त्याची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, सरासरी जवळपास १८ टक्क्यांनी घटलं होतं. दहा दिवसांत! आता आठवा, २०२१ मध्ये किती लोक महिना-महिना ऑक्सिजनवर होते.

घरीच आजारी पडलेल्यांचं इतकं होत नाही. पण ताप, तोंडाला चव नाही म्हणून जेवण नाही, दोन आठवडे पलंग, आणि त्यानंतर महिनाभर "जपून राहा हं" असं सगळ्यांचं सांगणं. एवढ्यानंही मांड्या आणि कंबर ढिली पडते. आणि स्नायू ढिला पडला की सगळा भार सांध्यावर येतो. मग गुडघा दुखतो, पण मूळ दोष गुडघ्याचा नसतो, मांडीचा असतो.

ओळखायचं कसं? जिना चढताना, खुर्चीतून उठताना पाय थरथरतात. पण आराम केला की बरं वाटतं, आणि रोज थोडं थोडं चालत गेलं की आठवड्यागणिक फरक जाणवतो. याच्यावरचा उपाय व्यायामच. हळूहळू वाढवत नेलेला.

कारण दुसरं: प्रतिकारशक्तीचा न शमलेला गोंधळ

ताप आला की अंग का दुखतं? विषाणू प्रत्येक स्नायूत घुसतो म्हणून नाही. आपलं शरीर लढताना जी रसायनं सोडतं, इंटरल्युकिन-६ वगैरे, त्यांच्यामुळे मुख्यतः अंग मोडून येतं. ताप उतरला की ती कमी होतात. काही जणांत मात्र हा गोंधळ लवकर शमत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. २००६ ची चिकुनगुनियाची साथ घरातल्या मोठ्यांना विचारा. ताप आठवड्यात गेला, पण सांधे महिनोन् महिने धरलेले. चिकुनगुनिया हा शब्दच टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण "वाकवून टाकणारा". विषाणू गेला तरी सांधे मागे राहतात, हे आपल्या आज्यांना आपल्याआधी ठाऊक होतं.

कोविडनंतर बहुतेकांचे सांधे नुसते दुखतात, सुजत नाहीत, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शांत होतात. पण काही थोड्या लोकांत खराखुरा संधिवात सुरू झालेला दिसतो. त्याची खूण कुठली? सकाळची. उठल्यावर बोटं, मनगटं आखडलेली असतात. ब्रश धरवत नाही, नळाची तोटी फिरवता येत नाही, आणि हे सैल व्हायला अर्धा-एक तास किंवा जास्त लागतो. वर सांधा सुजलेला, हात लावला तर गरम. असं असेल तर बाम चोळत बसू नका. संधिवाताचे डॉक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, त्यांच्याकडे जा. लवकर उपचार सुरू झाले तर सांधा वाचतो.

कारण तिसरं: कष्टानंतर मोडून पडणं

आता येतो माझा नंबर.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला. घरीच होते, सतरा दिवसांनी खोलीबाहेर आले. जूनमध्ये निर्बंध सैल झाले तशी मी अजिंक्यतारा चढायला निघाले. साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा म्हणजे काय, अंगणच. आरामात चढले, फोटो काढले, स्टेटस टाकलं. उतरताना मनात म्हटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाय शिशाचे झाले. नुसते पाय नाही, सगळं अंग. घसा खवखवायला लागला, झोप येईना, फोनवर बोलताना साधे शब्द आठवेनात. तीन दिवस आंघोळीला उठायचंही जिवावर आलं. मला वाटलं, सवय मोडलीये, अजून जोर लावला पाहिजे. बरं वाटल्यावर पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर नऊ दिवस अंथरुणात.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "चढताना काय होतं ते राहू दे. दुसऱ्या दिवशी काय होतं?"

मंडळी, आजच्या भागातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर हा प्रश्न घेऊन जा. *दुसऱ्या दिवशी काय होतं?*

कष्टानंतर लगेच नाही, तर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी सगळं बिघडणं, आणि ते दिवसेंदिवस टिकणं, याला इंग्रजीत पोस्ट एक्झर्शनल मलेझ म्हणतात. आपण म्हणू, कष्टानंतरचं मोडून पडणं. आणि कष्ट म्हणजे फक्त पळणं नाही बरं का. तीन तास अभ्यास, लग्नातली धावपळ, मोठं भांडण, यांनीही ते होतं.

"पण ताई, व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी तर सगळ्यांचंच अंग दुखतं ना?" बरोबर. म्हणून फरक समजून घ्या.

साधं अंग दुखणं: जे स्नायू वापरले तेच दुखतात. एक ते तीन दिवसांत उतरतं. झोप छान लागते. आणि तोच व्यायाम पुढच्या वेळी केला की कमी दुखतं.

मोडून पडणं: न वापरलेलं अंगही दुखतं. डोकं चालत नाही, झोपूनही ताजं वाटत नाही. कितीतरी दिवस टिकतं. आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कष्टानं तेवढंच किंवा जास्त होतं.

हे मनाचे खेळ आहेत का? खूप जणांना असं ऐकावं लागलंय, घरात आणि बाहेरही. त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगते. ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये तो नेचर कम्युनिकेशन्समध्ये छापला. लाँग कोविडचे २५ रुग्ण आणि कोविड होऊन पूर्ण बरे झालेले २१ जण घेतले. सगळ्यांना सायकलवर दमवलं. मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा व्यायामाच्या आठवडाभर आधी एकदा काढला आणि व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी एकदा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं.

काय दिसलं? आपल्या प्रत्येक पेशीत छोटी वीजघरं असतात, मायटोकाँड्रिया. रुग्णांच्या स्नायूंमधली ही वीजघरं कमी क्षमतेनं चालत होती, आणि कष्टानंतर अजून मंदावली. स्नायूचे काही तंतू मेलेले दिसले. प्रतिकारशक्तीच्या पेशी स्नायूत शिरलेल्या दिसल्या. म्हणजे "तुझं अंग खरंच दुखतंय का?" या प्रश्नाचं उत्तर सूक्ष्मदर्शकानं दिलं. अभ्यास लहान आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या बाबतीत नेमकं हेच घडतंय असं म्हणता येणार नाही. पण त्रास खरा आहे, एवढं त्यानं पक्कं केलं.

म्हणून या तिसऱ्या कारणात "जोर लाव, सुटेल" हा सल्ला उलटा पडतो. इथे कामी येतं पेसिंग, म्हणजे ताकद पुरवून वापरणं. जुन्या मोबाईलची बॅटरी आठवा. ३० टक्के दाखवते आणि अचानक बंद पडते. असा मोबाईल आपण कसा वापरतो? १० वर जायच्या आधीच चार्जिंगला लावतो. अंगाचंही तसंच. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं.

कारण चौथं: जीव वाचवणाऱ्या औषधाची मागून आलेली उधारी

हा भाग सांगताना मला जड जातं, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मिस्टर. मे २०२१ मध्ये त्यांचा ऑक्सिजन खाली गेला, दवाखान्यात अकरा दिवस होते. स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली आणि ते वाचले. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण स्टेरॉइड म्हणजे विष असा समज करून घेऊ नका. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशानं कमी झाले. पण त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही.

दाजी घरी आले. सोबत काही दिवसांच्या गोळ्या होत्या, त्या संपल्या. पण गोळी घेतली की अंगात तरतरी वाटायची, म्हणून त्यांनी जुनीच चिठ्ठी दाखवून त्या परत आणल्या. परत आणल्या. आणि परत. आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. चूक आमचीच.

ऑक्टोबरमध्ये त्यांची जांघ दुखायला लागली. मांडी घालून बसलं की कळ यायची. मोटरसायकलवर पाय टाकताना कळ. कोणी म्हणालं नस दबलीये, कोणी म्हणालं वात आहे. तेल झालं, शेक झाला, पाय ओढून झाले. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला, म्हणून सगळे निर्धास्त. सात महिने असेच गेले. मग एका डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. दोन्ही खुब्यांच्या सांध्यांत हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, एव्हीएन. रक्त न मिळाल्यानं हाडाचा तेवढा भाग मरतो आणि हळूहळू खचतो.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं, ते खुब्याच्या वाटीत फिरतं. त्या चेंडूला रक्त नेणाऱ्या नळ्या मुळातच थोड्या आणि बारीक. स्टेरॉइडचा मोठा डोस किंवा जास्त दिवसांचा कोर्स झाला की तिथला पुरवठा धोक्यात येतो. दारूनंही येतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये कोविडनंतरच्या अशा तीन रुग्णांची नोंद केली. त्यांच्यात हा त्रास कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत दिसला होता. एरवी याला सहा महिने ते वर्ष लागतं.

म्हणून तीन गोष्टी पाठ करा. एक, हे दुखणं जांघेत असतं, कधी मांडीच्या पुढे किंवा चक्क गुडघ्यात जाणवतं. दोन, मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाय आत वळवणं जड जातं. तीन, सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये ते लवकर दिसतं. लवकर सापडलं तर औषधं, वजन न टाकणं, हाडातला दाब कमी करायची छोटी शस्त्रक्रिया, असे मार्ग असतात. उशीर झाला की सांधा बदलणं.

दाजींचा एक सांधा बदलला. तेव्हा त्यांचं वय अडतीस. आज चालतात, गाडी चालवतात. पण जत्रेच्या पंगतीत ते आता खुर्ची मागतात, आणि मागताना इकडेतिकडे बघतात. मला ते बघवत नाही.

स्टेरॉइडनं अजून एक गोष्ट होते, खांद्याचे आणि मांडीचे स्नायू अशक्त होतात. केस विंचरायला हात वर धरवत नाही, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना भिंतीचा आधार लागतो. हेही डॉक्टरांना सांगा. आणि बराच काळ स्टेरॉइड चालू असेल तर मनानं अचानक बंदही करू नका, ते डॉक्टरच टप्प्याटप्प्यानं कमी करतात.

मेडिकलमधून आणलेले शॉर्टकट

पेनकिलर: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर पोट आणि किडनी दोघांनाही त्रास. दोन-चार दिवसांच्या पुढे जायचं तर विचारून.

व्हिटॅमिन डी: त्याच्या कमतरतेनं हाडं-स्नायू दुखतात हे खरं, आणि आपल्याकडे ही कमतरता खूप आहे. पण ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक याप्रमाणे ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती चण्या-फुटाण्यासारखी वर्षभर खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून वेगळंच लफडं होतं. आधी तपासणी, मग पुडी.

बिननावाची पुडी: "सांधेदुखीवर गावठी औषध, दोन दिवसांत फरक." दोन दिवसांत जादू झाली तर खूश होऊ नका, संशय घ्या. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणजे जे दाजींना महागात पडलं, तेच पुन्हा, आणि तेही नकळत.

मग करायचं काय?

पहिले दोन आठवडे फक्त नोंद करा. मोबाईलच्या नोट्समध्ये रोज तीन ओळी: आज काय केलं, आज कसं वाटलं, काल केलेल्याचं आज काय झालं. स्टेप मोजणारं ॲप असेल तर तो आकडाही लिहा. मात्र १०,००० स्टेप्सच्या मागे लागू नका. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ होता दहा हजार पावलं मोजणारं. तिथून तो जगभर पसरला. तुमचा आकडा तुमच्या नोंदीतूनच निघेल.

नोंदीत मोडून पडणं दिसलं नाही, तर घरीच सुरुवात करा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीला हात टेकून पुशअप. प्रत्येकी आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. एका पातळीवर किमान आठवडाभर थांबा, दुसऱ्या दिवशीची नोंद ठीक असेल तरच पुढे जा. मोजायचं असेल तर ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते दर रविवारी बघा. आणि खा. स्नायू हवेतून बनत नाही. डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, अंडी, जे घरात चालतं ते, प्रत्येक जेवणात.

नोंदीत मोडून पडणं दिसलं, तर व्यायाम वाढवत नेणं बंद. आधी अशी पातळी शोधा की जिथे दुसरा दिवस बिघडत नाही, मग ती दहा मिनिटं चालण्याची का असेना. कामाचे तुकडे करा, मध्ये आडवं व्हा, टायमर लावा. काही आठवडे ती पातळी टिकली की मगच थोडं पुढे, तेही डॉक्टर किंवा फिजिओला विचारून. मला अजिंक्यताऱ्यावर परत जायला चौदा महिने लागले. पहिल्यांदा तर अर्ध्या वाटेवरून परत आले, आणि ते माझं सगळ्यात मोठं यश होतं.

डॉक्टरांकडे जाताना या पाच गोष्टी कागदावर न्या: कोविड कधी झाला, स्टेरॉइड घेतलं का, कोणतं आणि किती दिवस, म्हणजे जुनी चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड, नेमकं कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवता येईल असं, सकाळी सैल व्हायला किती वेळ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी काय होतं. खासगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये हाडांची ओपीडी आणि फिजिओथेरपी दोन्ही असतात.

आणि या लक्षणांना वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं: एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, कारण रक्ताची गुठळी असू शकते. सोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट १०८. लघवी कोकसारखी काळपट झाली. पायांकडून वर सरकत जाणारी अशक्तता किंवा बधिरपणा आला. एक सांधा अचानक लाल, गरम, आणि सोबत ताप.

त्या मेसेजचं उत्तर

तर भावा, तू विचारलंस, पळत राहू का. तुला मी हो किंवा नाही म्हणणार नाही. मी तुला तीन प्रश्न विचारते.

तू ॲडमिट नव्हतास, पण घरी असताना कुणी पाच दिवस-दहा दिवस स्टेरॉइडची गोळी दिली होती का? चिठ्ठी शोध. दिली असेल आणि जांघेत दुखत असेल, तर ग्राउंडवर जाऊ नकोस, आधी डॉक्टर.

सकाळी सांधे सुजलेले, आखडलेले असतात का? असतील तरी आधी डॉक्टर.

दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर शेवटचा प्रश्न: पळालास त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं? फक्त पोटऱ्या दुखतात, एक-दोन दिवसांत उतरतं, तर तुझी तयारी तुटलीये एवढंच. आजच सोळाशेला लागू नकोस. दोनशे पळ, दोनशे चाल, तिथून बांधत ये. पण दुसऱ्या दिवशी सगळं अंगच बंद पडत असेल, तर थांब. घाबरून नाही, शहाणपणानं थांब. आणि ही भरती चुकली तर फार वाईट वाटेल, मला माहितीये. वय बसतंय तोवर पुढची भरती असते. खुब्याचं हाड मात्र पुन्हा फॉर्म भरून मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोविड झालेल्या शंभरातल्या साधारण सहा जणांना असा लांबलेला त्रास होतो, आणि बहुतेकांचा तो काळानुसार कमी होतो. म्हणजे आपल्यातले बरेच जण सुटणार आहेत. फक्त सुटायची वाट प्रत्येकाची वेगळी आहे, आणि ती मित्रांच्या ओरडण्यावरून ठरवायची नसते.

आजचा भाग अशा एका माणसाला पाठवा, जो घरात सारखा "अंग दुखतंय" म्हणतो आणि ज्याला सगळे "नाटकं करू नकोस" म्हणतात. आणि पाठवताना त्याला एवढंच विचारा, दुसऱ्या दिवशी काय होतं?

चला, येते. भेटू पुढच्या भागात. तोवर जपा, आणि दमायच्या आधी बसा.